हवेचा पुतळा भाड्याने कशाला?

स्नेहसंमेलनासाठी हवेचा मोठा पुतळा भाड्याने आणताय? माझं ऐका, तो मुलांनाच करू द्या. मौद्याच्या मुलांना मोठ्या आकृत्यांचं अप्रूप नाही. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबत-बडगे निघतात. बडग्याच्या आत बांबू, इथे हवा, एवढाच फरक. जुनं प्लॅस्टिक, चिकटपट्टी आणि टेबलफॅन पुरे. (पंख्याची वायर मात्र शिक्षकांनीच लावावी.)

२०१३ साली हाँगकाँगच्या बंदरात फ्लोरेन्टाइन होफमन यांचं १६.५ मीटर उंच रबरी बदक तरंगलं होतं. त्याचा फोटो दाखवा आणि विचारा, १.६५ मीटरचं बदक करायचं तर प्लॅस्टिक त्याच्या किती पट लागेल? बहुतेक मुलं ‘दहावा भाग’ म्हणतील. लगेच ‘शंभरावा’ सांगू नका. चौकोन कापून त्यांना मोजू द्या. आत हवा किती, हे त्यानंतर विचारा.