हरभरा मागे का पडतो?



कडधान्याच्या मुळांवरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळतो, म्हणून पिकांची फेरपालट करावी, हा धडा पुस्तकात आहेच. माळव्याच्या शेतकऱ्याला तो कोणी शिकवायला नको. तरी सोयाबीन निघाले, की पाण्याची सोय असलेल्या बहुतेक शेतांत गहूच पेरला जातो. का?

२०२५-२६ च्या हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता, हरभऱ्याचा ५६५० रुपये. नुसते आकडे पाहिले तर हरभराच पेरावा! पण गहू एकरी बराच जास्त पिकतो, आणि मुख्य म्हणजे शासन तो दरवर्षी केंद्रांवर विकत घेते. २०२५ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यावर १७५ रुपये बोनसही दिला. हरभऱ्याची सरकारी खरेदी मात्र मर्यादित. उरलेला माल मंडीत मिळेल त्या भावाने द्यायचा.

गव्हाला चार-पाच पाणी लागतात, हरभरा एक-दोन पाण्यांत निघतो. हा भार शेवटी विहिरींवर आणि नलकूपांवरच पडतो. अशा वेळी शेतकऱ्याला फेरपालटीचा उपदेश करणे आम्हांस पटत नाही. आधी हरभऱ्याची केंद्रे गव्हाइतकीच वेळेवर आणि तितक्याच संख्येने उघडावीत. आसपासच्या गावांतून येणाऱ्या मुलांनी यंदा घरी काय पेरले आणि का, हे वर्गात जरूर सांगावे.