लाखांत एक

एखादें यंत्र 'लाखांत एकदांच बिघडेल' असें कोणी छातीठोकपणें सांगितलें, म्हणजे ऐकणाराचें समाधान होतें. हा आंकडा कोणत्या प्रमाणावर उभा आहे, हें विचारणारा विरळा.

अमेरिकेच्या 'स्पेस शटल' यानांची कथा ह्या बाबतींत बोधप्रद आहे. त्यांपैकीं 'चॅलेंजर' हें यान २८ जानेवारी १९८६ रोजीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें व आंतील सातहि जण मृत्यु पावले. चौकशी-मंडळाचे एक सभासद, पदार्थविज्ञानवेत्ते रिचर्ड फाइनमन, ह्यांस असें आढळलें कीं, यान गमावण्याचा संभव व्यवस्थापक लाखांत एक इतका अल्प मानीत. प्रत्यक्ष काम करणारे इंजिनियर मात्र शंभरांत एकाच्या आसपास मानीत. लाखांत एक म्हणजे रोज उड्डाण केलें तरी सुमारें पावणेतीनशें वर्षांत एक अपघात!

आतां गणित काय सांगतें तें पाहूं. त्यापूर्वीं २४ उड्डाणें अपघातावांचून पार पडलीं होतीं. एकहि प्रयोग फसला नसेल, तर तीन ह्या संख्येस प्रयोगांच्या संख्येनें भागावें. धोका त्या भागाकाराहून अधिक नाहीं, इतकेंच शेंकडा ९५ विश्वासानें म्हणतां येतें. चोवीस उड्डाणांवरून निघतें तें आठांत एक. लाखांत एक म्हणावयास तीन लक्ष निर्विघ्न उड्डाणें हवीं होतीं.

इतके प्रयोग अशक्य, म्हणून यंत्राच्या एकेका भागाचा धोका मोजून गुणाकार करितात. एक कडें शंभरांत एकदां निकामी होत असेल, तर दोन एकदम निकामी होण्याचा संभव दहा हजारांत एक. अपूर्णांकांचा हा गुणाकार आम्हीं पुष्कळ वर्षें शिकविला. तो केव्हां करूं नये, हें सांगणेंहि तितकेंच अगत्याचें आहे. दोन्ही बिघाड परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच तो खरा. नैयायिक सांगतात, केवळ अग्नि आहे एवढ्यावरून धुराचें अनुमान करूं नये. ओलें सरपण ही त्यांतील उपाधि होय. येथील उपाधि म्हणजे हें स्वातंत्र्य. चॅलेंजरच्या सांध्यांत रबराचीं दोन कडीं होतीं. एक गेलें तर दुसरें राखील, अशी योजना. परंतु त्या दिवशींच्या थंडीनें रबर ताठरलें, तें दोहोंचेंहि.

१९८१ पासून २०११ पर्यंत १३५ उड्डाणें झालीं व दोन यानें गेलीं; २००३ सालीं गेलेल्या दुसऱ्यांत कर्नालच्या कल्पना चावला होत्या. अनुभवाचा हिशेब सुमारें अडुसष्टांत एक.

म्हणून कोणी निर्धास्तपणाचा आंकडा पुढें केल्यास वाचकांनीं दोन प्रश्न अवश्य विचारावे: प्रयोग किती झाले? आणि ज्यांचा गुणाकार केला, त्यांना एकदम बुडविणारें एखादें समान कारण तर नाहीं ना?