बाजू मांडण्याचा हक्क कोणाला?

मुळशी पेट्यातील मावळ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाचे काम थांबविले, ते केवळ जमिनीच्या मायेपोटी नव्हे. ज्यांची भातखाचरे व घरे पाण्याखाली जाणार होती, त्यांना संपादनालाच हरकत घेण्याचा आणि ती ऐकली जाण्याचा हक्क १८९४ च्या भूसंपादन कायद्याने दिलेला नव्हता. मोबदला कमी की अधिक, एवढ्यापुरतेच त्यांनी बोलावे! हरकतींच्या सुनावणीचे कलम ५-अ त्या कायद्यात १९२३ साली आले. सेनापती बापटांनी नेतृत्व केलेला लढा तेव्हा ऐन भरात होता, पण मुळशीची जमीन हातची गेली होती.

हाच हक्क आंतरराष्ट्रीय लवादांत मात्र कसोशीने जपला जातो. पक्षकाराला योग्य नोटीस मिळाली नाही किंवा त्याला आपली बाजू मांडता आली नाही, तर १९५८ च्या न्यूयॉर्क करारानुसार परदेशी निवाड्याची अंमलबजावणी नाकारता येते. आपल्या १९९६ च्या लवाद कायद्याची कलमे ३४ व ४८ तेच सांगतात. सॅंगयाँग या कोरियन कंपनीच्या महामार्ग-कंत्राटाच्या वादात लवादाच्या बहुमताने सरकारी मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला; त्या सूचना कामकाजात दाखलच नव्हत्या व कंपनीला दाखविल्याही नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तो निवाडा रद्द केला. ते योग्यच झाले. न पाहिलेल्या कागदाला उत्तर कोणी कसे द्यावे?

याची दुसरी बाजूही आहे. २०२० साली एका भारतीय केबल-कंपनीच्या भागधारकांनी लंडनच्या लवादाने आपले म्हणणे नीट विचारात घेतले नाही, अशी तक्रार केली. तीत तथ्य न आढळल्याने सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली व ५० लाख रुपये खर्चही लादला. न्यायालयाच्या या कडकपणावर रोष धरण्याचे कारण नाही. हरलेल्या धनिकाला दरेक निवाडा वर्षानुवर्षे कोर्टात रखडविता आला, तर लवाद हवाच कशाला?

प्रश्न पक्षकार नसलेल्यांचा आहे. जपानच्या डोकोमो कंपनीला टाटा सन्सकडून सुमारे ११७ कोटी डॉलर देवविणारा लंडनचा निवाडा २०१६ साली झाला. टाटांनी अखेर आक्षेप सोडून तडजोड केली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परकीय चलनाच्या कायद्याचा मुद्दा घेऊन हरकत घेतली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली ती अमान्य केली. निवाड्यात पक्षकार नसलेल्या बँकेला त्याविरुद्ध उभे राहण्याचा अधिकार नाही, असे ठरले. देशाच्या मध्यवर्ती बँकेची जेथे ही गत, तेथे महामार्गावर टोल भरणाऱ्या ट्रकवाल्याला कोण विचारतो? वाद सार्वजनिक प्राधिकरणाचा असला तरी तो पक्षकार नव्हे. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ४२-अ लवादाचे कामकाज गोपनीय ठेवते, आणि निवाडाही अंमलबजावणीसाठी आवश्यक तेवढाच उघड होतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा विषय श्रीमंतांचे भांडण म्हणून सोडून देऊ नये. सार्वजनिक पैसा पणाला लागलेला असेल तेथे कलम ४२-अ लागू होऊ नये, आणि दावा, जबाब व निवाडा ही तिन्ही कागदपत्रे विधिमंडळाच्या वा संसदेच्या पटलावर मुदतीत यावीत, अशी दुरुस्ती मागितली पाहिजे. कंपन्यांच्या खऱ्याखुऱ्या व्यापारी गुपितांपुरता अपवाद ठेवण्यास हरकत नाही. तो कोठे लागतो हे मात्र कंपनीने नव्हे, न्यायालयाने ठरवावे.