चॅनेलच्या नावाला पैसे देऊ नका

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात राहणाऱ्या आणि दर महिन्याला केबलचा रिचार्ज मारणाऱ्या सगळ्या घरांना माझी एक विनंती आहे. ज्या चॅनेलचे पैसे तुम्ही भरता, ती आज नेमकं काय दाखवतात ते एकदा नीट बसून बघा. कितीतरी चॅनेलांचं नाव तेवढं जुनं राहिलंय आणि आतला माल कधीच बदललाय.

ज्या घरात शिकणारं मूल आहे त्यांना हे जास्त कळकळीनं सांगतो. आपल्याकडे आईबाप असेंब्ली लाइनवर, लेथवर, पॅकिंगला आठ-आठ, बारा-बारा तास उभे राहतात. मोशीत किंवा नाणेकरवाडीत भाड्याच्या खोलीत पहिला टीव्ही येतो, तेव्हा केबलवाल्याला हमखास सांगितलं जातं की पोरांसाठी डिस्कव्हरी, हिस्टरी, असलं काहीतरी पॅकमध्ये टाक. आपण शिकलो नाही, पोरं तरी चार गोष्टी बघून शहाणी होतील, ही त्यामागची इच्छा. ती इच्छा मोलाची आहे, आणि तिचा गैरफायदा घेतला जातो म्हणूनच हे लिहितोय.

डिस्कव्हरी चॅनेल अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालं आणि भारतात १९९५ मध्ये आलं. प्राणी, यंत्रं, अवकाश, समुद्र एवढ्यावर ते उभं राहिलं. हिस्टरी चॅनेल अमेरिकेत १९९५ चं. आपल्याकडे ते हिस्टरी टीव्ही १८ या नावानं २०११ पासून दिसू लागलं. पण तोवर मूळ चॅनेलवर इतिहास मागे पडत चालला होता. २००९ पासून त्याचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम होता ‘पॉन स्टार्स’. लास वेगासमधल्या एका गहाणवट दुकानात लोक जुन्या वस्तू विकायला आणतात आणि दुकानदार भाव पाडून घेतो, असा तो कार्यक्रम. त्याच्या जोडीला परग्रहावरच्या लोकांनी प्राचीन मंदिरं आणि पिरॅमिड बांधायला मदत केली असं सुचवणारी मालिका आली. शाळेतला मुलगा ‘हिस्टरी’ या नावाखाली हे बघतो आणि खरं मानतो. त्याचा काय दोष?

टीएलसीची गोष्ट तर मला वाईट वाटायला लावते. १९७२ मध्ये नासा आणि अमेरिकी सरकारच्या आरोग्य-शिक्षण खात्यानं ॲपलेशिया या डोंगराळ, गरीब भागात उपग्रहामार्फत शिक्षण पोचवायचं ठरवलं, तिथं या चॅनेलचं मूळ आहे. १९९१ मध्ये ते डिस्कव्हरीनं विकत घेतलं. २००९ मध्ये त्याच चॅनेलवर लहान मुलींच्या सौंदर्यस्पर्धांचा कार्यक्रम होता.

२०१२ मध्ये ॲनिमल प्लॅनेटनं तर जलपऱ्यांवर एक कार्यक्रम दाखवला. तो माहितीपटासारखा बनवला होता, नटांना शास्त्रज्ञ म्हणून उभं केलं होतं. शेवटी अमेरिकेच्या सरकारी सागरी संस्थेला जाहीर करावं लागलं की जलपऱ्या असल्याचा कुठलाही पुरावा नाही. पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीनं लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेला महाकाय शार्क अजून जिवंत असल्यासारखा कार्यक्रम केला. ही चॅनेलं चांगलं काही दाखवतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण नुसत्या नावावर विश्वास टाकण्याचे दिवस संपलेत.

आपल्या मराठीतही हे झालंय. झी युवा २०१६ मध्ये तरुणांसाठी म्हणून आलं. ‘फ्रेशर्स’, ‘बन मस्का’ अशा मालिकांमधून पहिली नोकरी, मित्रमंडळी, शहरात नव्यानं राहणं असे विषय तिथं दिसायचे. चाकणला बीडहून, लातूरहून येऊन चौघांत एक खोली घेणाऱ्या पोरांना ते जवळचं वाटावं असं होतं. पुढे तिथं जुन्या मालिकांचं पुनःप्रसारण वाढत गेलं. मराठीबाहेरही तेच: गाण्यांसाठी म्हणून १९९६ मध्ये भारतात आलेल्या एमटीव्हीची ओळख २००३ च्या ‘रोडीज’नंतर भांडणांची आणि स्पर्धांची झाली. त्या कार्यक्रमाच्या नावापुढेच एका मोटरसायकल कंपनीचं नाव लागायचं. गाणी ऐकणाऱ्यापेक्षा मोटरसायकल घेऊ शकणारा प्रेक्षक जास्त कमाईचा होता.

या सगळ्याचं कारण पैशात आहे, आणि ते समजून घेतलं तर काय करायचं तेही कळतं. २०१९ मध्ये नवी दरव्यवस्था आली, तेव्हा माहिती-विज्ञानाच्या बहुतेक चॅनेलांची सुटी किंमत महिन्याला एक ते पाच रुपयांच्या घरात होती. मोठ्या मालिकांची चॅनेलं १९ रुपयांपर्यंत गेली होती. एवढ्या कमी वर्गणीवर चांगला माहितीपट बनत नाही, म्हणून जाहिरात लागते. जाहिरात टीआरपीवर ठरते. टीआरपी मोजणारी यंत्रं देशात जेमतेम पन्नास हजारांहून थोड्या जास्त घरांत आहेत, आणि टीव्ही असलेली घरं मात्र २०२० च्या अंदाजानुसार २१ कोटी. छोट्या चॅनेलचा आकडा अशा मोजणीत सहज खालीवर होतो. मग चॅनेलवाला घाबरून जे सगळ्यांचं चालतंय तेच आपल्याकडे आणतो.

आणि इथं आपलाही हात लागतो. मोठ्या कंपन्या आपली दहा-बारा चॅनेलं एका बुकेत बांधून विकतात. त्यातलं एक आपण रोज बघतो, बाकीची कधीच नाही, तरी वर्गणी सगळ्यांना जाते. कुणी बघत नसतानाही पैसे येत असतील, तर त्या चॅनेलनं कार्यक्रम सुधारावेत कशासाठी?

बदल झाला की तो वाईटच, असं मात्र समजू नका. झी टॉकीज २००७ मध्ये मराठी सिनेमांसाठी सुरू झालं. आज त्याच चॅनेलवर सकाळी ‘मन मंदिरा गजर भक्तीचा’मधून कीर्तन लागतं. देहू-आळंदीच्या कुशीतल्या आपल्या या पट्ट्यात कितीतरी घरांतली म्हातारी माणसं त्यासाठीच टीव्ही लावतात. तिथं कीर्तनाला कीर्तनच म्हटलंय, आणि इथल्या लोकांना हवं ते मिळतंय. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती विज्ञानाच्या नावाखाली भाकडकथा आणि इतिहासाच्या नावाखाली दुकानदारी विकण्याबद्दल.

त्याहून वाईट प्रकार रात्री उशिरा आणि पहाटे बघायला मिळतो. गाण्याच्या, सिनेमाच्या, कधी बातम्यांच्याही चॅनेलवर अर्धा-अर्धा तास ‘यंत्र’, ‘कवच’, ‘माळ’ विकणाऱ्या जाहिराती चालतात. सेकंड शिफ्ट करून बाराला घरी आलेला माणूस थकलेला असतो, घरात कुणी आजारी असतं, कर्जाचा हप्ता थकलेला असतो. नेमक्या त्या वेळी त्याच्यासमोर हे येतं. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्पष्ट सांगितलं आहे की एखाद्या वस्तूत दैवी किंवा चमत्कारी शक्ती असल्याचा दावा करून टीव्हीवर तिची जाहिरात करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदा आहे. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतही अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवायला मनाई आहे. हे तुमच्या घरातल्या प्रत्येकाला सांगा, विशेषतः ज्यांच्या हातात मोबाइल असतो आणि जे स्क्रीनवरचा नंबर फिरवू शकतात त्यांना.

आता करायचं काय ते सांगतो. एमआयडीसीत बहुतेकांना गुरुवारची सुट्टी असते. त्या दिवशी, आणि मधे एखाद्या रात्री, तुमच्या पॅकमधल्या पैसे मोजाव्या लागणाऱ्या चॅनेलांवर काय लागलंय ते कागदावर लिहा. घरातले लोक खरोखर टीव्ही बघतात त्याच वेळी बघा, दुपारी तीनला नव्हे. मग टीव्हीवर ९९९ नंबरचं चॅनेल लावा. चॅनेलांची यादी आणि किंमत तिथं दाखवली पाहिजे असा नियम आहे. त्यानंतर केबलवाल्याकडे सुट्या चॅनेलांप्रमाणे बिल मागा. पिंपरी-चिंचवडमध्ये ३१ मार्च २०१३ ही सेट-टॉप बॉक्स बसवायची शेवटची मुदत होती आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून एकेक चॅनेल निवडून घेण्याचा हक्क तुम्हाला मिळालाय. “पॅकच घ्यावा लागतो दादा” असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही.

हिशोब मात्र नीट करा. बुकेवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायला परवानगी आहे, म्हणून तो दिसायला स्वस्त असतो. समजा दहा चॅनेलांची सुटी किंमत ६० रुपये आहे, तर बुके ३३ रुपयांना मिळू शकतो. त्यातली १९ आणि ४ रुपयांची दोनच तुम्ही बघत असाल, तर सुटी घेतल्यावर २३ रुपये लागतील. पाच-सहा बघत असाल तर बुके परवडेल. मूळ नेटवर्कचं भाडं आधी १३० रुपये अधिक जीएसटी असं ठरलेलं होतं. जुलै २०२४ नंतर त्यावरची मर्यादा उठली, तेव्हा तुमचा केबलवाला किती घेतो ते विचारून घ्या. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या त्याला द्याव्याच लागतात, त्यात सह्याद्रीही येते.

मुलांसाठी चॅनेल निवडू नका, कार्यक्रम निवडा. कारखान्यात वस्तू कशी बनते ते दाखवणारा चांगला भाग लागला तर त्याच्याशेजारी बसून बघा. बाप प्रेसशॉपला असेल तर मुलाला टीव्हीपेक्षा जास्त तोच सांगू शकतो. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ महापालिकेचं सायन्स पार्क आहे, तिथं मुलाला एकदा तरी घेऊन जा.

आणि तक्रार करा. चॅनेलनं विषय बदलला म्हणून कायद्यानं त्याला रोखता येत नाही, हे खरं आहे. पण अंधश्रद्धा पसरवणारा कार्यक्रम दिसला तर केबल टीव्हीच्या २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे चॅनेलकडे लेखी तक्रार करता येते. तिची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यावा लागतो. समाधान झालं नाही तर वर जाता येतं. तारीख, वेळ, चॅनेल आणि कार्यक्रमाचं नाव लिहा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सोसायटीत किंवा चाळीत चार घरांनी मिळून लिहिलं तर आणखी चांगलं. जे चॅनेल तुम्ही कुणीच बघत नाही, ते याच महिन्याच्या रिचार्जमधून काढून टाका, आणि का काढलं तेही केबलवाल्याला सांगा.