दोन तबकड्यांमधला ठेका
न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, ११ ऑगस्ट १९७३ रोजी बहिणीने योजिलेल्या मेजवानीपासून नावारूपास आलेल्या, जमैकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने हेरले, की गायन थांबून केवळ ड्रमचा ठेका उरतो, तेव्हाच नर्तकांत खरे चैतन्य संचारते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून फिरवीत त्याने काही सेकंदांचा तो खंड हवा तितका लांबविला, आणि पुढे ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून पुन्हा वाजविणाऱ्या सॅम्पलर यंत्राने त्या क्लृप्तीला नवनिर्मितीचे सामर्थ्य दिले. तिला उसनवारी म्हणणाऱ्यांना निवडीमागील श्रवणसाधना उमगलेलीच नाही. मात्र गायक जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातील ज्या ठेक्यावर शेकडो गाणी उभी राहिली, तो वाजविणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचे नाव रचनाकार म्हणून दप्तरी दाखलच नसल्याने त्या मिळकतीचा रास्त हिस्सा त्याच्या पदरी पडला नाही, हा अन्याय मला फार सलतो.