नकाशातली शाळा

मुलांनो, आज एक कोरा कागद, पट्टी आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसा. आज आपल्याला एक नवी वसाहत वसवायची आहे. खरीखुरी नाही हं, कागदावर!

हा खेळ मी चौथीच्या वर्गात घेतला होता. मुलांनी भराभर घरं काढली. मग दुकानं आली, देऊळ आलं, दवाखाना आला, बसथांबा आला. क्रिकेटचं मैदान तर कुणीच विसरलं नाही! शेवटी मी विचारलं, "शाळा कुठाय रे?" वर्गात हशा पिकला. पण कागद तर भरून गेले होते. कुणी शाळा कोपऱ्यात कोंबली, कुणी हमरस्त्यापलीकडे नेली. एक मुलगी म्हणाली, "बाई, दोन घरं पाडू का?"

कागदावर खोडरबर फिरवता येतं. पण राहती घरं कोण पाडणार? म्हणून शाळेची जागा आधीच राखून ठेवायची असते. गाडीत आपण बाकाचं आरक्षण करतो ना, तसंच हे जमिनीचं आरक्षण. शहराचा जो मोठा नकाशा तयार होतो, त्याला 'विकास आराखडा' म्हणतात. कुठे घरं, कुठे रस्ते, कुठे शाळा, कुठे मैदान, हे सगळं त्यात ठरतं.

पण शाळा नेमकी कुठे असावी? अमेरिकेतल्या क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली एक सोपी कल्पना मांडली. एका प्राथमिक शाळेला पुरेल एवढी वस्ती धरा, शाळा तिच्या मधोमध ठेवा आणि मोठे रस्ते कडेने न्या. म्हणजे चिमुकल्यांना वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडावा लागत नाही.

आपल्याकडे चंडीगढ शहर वसवताना ल कॉर्बुझिए यांनी असाच विचार केला. तिथला एक नेहमीचा सेक्टर ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असतो. वेगवान वाहनांचे रस्ते त्याच्या चारही बाजूंनी जातात. आतून हिरवळीचा पट्टा जातो आणि शाळा त्या पट्ट्यात असतात. आता गणित करा. शाळा बरोब्बर मध्यावर आहे असं धरा. अगदी कोपऱ्यातल्या घरातला मुलगा काटकोनात वळणाऱ्या रस्त्यांनी किती चालेल? ४०० अधिक ६००, म्हणजे १००० मीटर. फक्त एक किलोमीटर!

गंमत पाहा, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांतही पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असंच म्हटलं आहे. लहान पायांना झेपेल एवढंच हे अंतर.

मग जागा राखून ठेवली की झालं? नाही ना! नकाशावर 'शाळा' लिहिलं म्हणून घंटा वाजत नाही. राखीव जमीन पुष्कळदा खाजगी मालकाची असते. नगरपालिकेने ती रीतसर ताब्यात घ्यावी लागते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात याला मुदत आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत ती घेतली नाही किंवा घेण्याची कारवाईही सुरू केली नाही, तर आरक्षण संपतं. यात मालकावर अन्याय नको, हेही खरंच. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण हिशेब करा. आज पहिलीत असलेलं मूल दहा वर्षांनी दहावी पार करून गेलेलं असेल! मोकळ्या भूखंडावर गवत वाढत राहतं, आणि शेवटी तिथे शाळेऐवजी इमारत उभी राहते.

पालकहो, हे तुमच्यासाठी. नव्या वसाहतीत घर घेताना जाहिरातीतल्या चित्रातली शाळा पाहून भुलू नका. मंजूर नकाशा मागा. शाळेचा भूखंड कुठे आहे आणि तो कुणाच्या ताब्यात आहे, ते विचारा. शहराचा नवा आराखडा जाहीर होतो, तेव्हा नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवतात. त्याची मुदत ठरलेली असते. ती चुकवू नका. तुमचं एक साधं पत्रसुद्धा तिथे दाखल होतं.

आणि मुलांनो, या रविवारी आईबाबांबरोबर घरापासून शाळेपर्यंत पावलं मोजत जा. वाटेत किती मोठे रस्ते ओलांडावे लागतात, तेही लिहून ठेवा. एखादा मोकळा भूखंड दिसला, तर तो कशासाठी राखला आहे, हे मोठ्यांना विचारा. त्यांना सांगता आलं नाही, तर नगरपालिकेत जाऊन आराखडा पाहायला सांगा. जिथे मुलं चौकशी करतात, तिथे मोठ्यांना उत्तर शोधावंच लागतं!