विजेचा पंखा फिरेनासा झाला तर

इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एम. जी. बी.’ नावाची बुटकी, चपळ स्पोर्ट्स मोटार तयार होत असे. अशा पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ आजही हौशी मंडळी स्वतःच्या हातांनी सांभाळीत आहेत. आमच्या वाचकांस तिचे एंजिन अगदीच परके नव्हे. तिचे १७९८ घनसेंटिमीटरचे एंजिन ज्या ‘बी’ मालिकेतले, त्याच मालिकेतल्या १४८९ घनसेंटिमीटरच्या एंजिनावर आपली ॲम्बेसेडर वर्षानुवर्षे धावली.

या ॲम्बेसेडरचा पंखा पट्ट्यावर फिरे. एंजिन चालू तोवर पंखाही चालू, मग गरज असो वा नसो. एम. जी. बी.चेही प्रारंभी तसेच होते. परंतु गाडी वेगात असता समोरून येणारा वाराच रेडिएटरला पुरतो. पंखा लागतो तो गर्दीत अडकल्यावर किंवा फाटकापाशी उभे असता. म्हणून १९७७ च्या नमुन्यापासून त्या गाडीला विजेचा पंखा आला. रेडिएटरमध्ये बसविलेला उष्णतेचा स्विच पाणी तापताच वीज जोडतो व पाणी निवताच तोडतो. योजना उत्तम खरी. पण पट्टा तुटला तर दिसतो, हा पंखा मुकाट्याने बंद पडतो. मोकळ्या रस्त्यावर काही कळत नाही. गर्दीत सापडल्यावर काटा वर चढतो, आणि चालक तसाच पुढे गेला तर हेड गास्केट जळते, प्रसंगी हेडच वाकते. मग पंखा राहिला बाजूला, साऱ्या एंजिनाचाच खर्च अंगावर येतो.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी एंजिन पूर्ण निवू द्यावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्याने शंभर अंशांवरही शांत दिसते. झाकण सैल होताच त्याची वाफ होऊन तोंडावर येते. पात्यांजवळ बोटे नेण्याआधी बॅटरीची तार काढावी, कारण हा पंखा कोणास न विचारता सुरू होणारा आहे.

आता दोष नेमका कोठे? प्रथम रेडिएटरमधील पाणी पाहावे. ते कमी असेल तर स्विच कोरडा राहतो व त्यास उष्णता कळतच नाही. मग फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर स्विचच्या दोन्ही तारा काढून एकमेकींस जोडाव्या, आणि बॅटरी पुन्हा लावून किल्ली फिरवावी. पंखा फिरला तर दोष स्विचचा. तो स्विच पातेल्यातील पाण्यात तापवून, चाचणीचा दिवा लावून पाहता येतो. पाणी उकळीस आले तरी दिवा लागला नाही तर नवा घ्यावा. पंखा फिरलाच नाही, तर त्याच्या मोटरला बॅटरीतून थेट वीज द्यावी. तशी फिरली तर वाटेतील तार किंवा गंजलेला जोड अपराधी समजावा. जमिनीच्या काळ्या तारेचा जोड आधी पाहावा. आमच्या मते जुन्या गाड्यांचे निम्मे दुखणे तेथेच असते.

मोटरच मुकी असेल तर ती उतरवून उघडावी. उघडण्यापूर्वी तिच्या कवचावर आणि झाकणावर मिळून एक खूण ओढून ठेवावी, म्हणजे जोडताना घोळ होत नाही. आत बहुधा झिजलेले कार्बन, काळी भुकटी आणि पाण्याने आलेला गंज सापडतो. कार्बन नवे घालावे. तांब्याचा कम्युटेटर बारीक काचकागदाने उजळावा. एमरी कागद वापरू नये. त्याचे कण तांब्यात रुततात. पट्ट्यांमधील खाचा टोकदार काडीने साफ कराव्या. दांडा बुशांत सहज फिरतो ना हे पाहून तेलाचा एखादाच थेंब द्यावा. जादा तेल कार्बनवर गेले की पुन्हा तेच दुखणे.

काहीजण या खटाटोपास कंटाळून पंख्याला हाताचे बटण लावून मोकळे होतात. आम्हांस हे पसंत नाही. बटण दाबावयाचे राहून जाते ते नेमके गर्दीत, जेव्हा चालकाचे लक्ष दुसरीकडे असते.

मोटर बसविल्यावर तारा उलट लागल्या नाहीत ना, हे पाहावे. कायम चुंबकाच्या मोटरीत तारा उलटल्या की पंखाही उलट फिरतो, आणि वाऱ्याशी भांडत बसतो. समोरच्या जाळीपाशी कागदाचा तुकडा धरावा. तो आत ओढला गेला पाहिजे.

शेवटी पाणी भरून, झाकण लावून, एंजिन उभ्या गाडीत चालू ठेवावे व काट्याकडे पाहत बसावे. पंधरावीस मिनिटे लागतील. पंखा आपोआप सुरू झाला, काटा खाली आला आणि पंखा पुन्हा थांबला, असे दोनदा घडेपर्यंत हत्यारे आवरू नयेत.